यमुनाकाकूची साक्ष

मंदाचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी दादरच्या घरी मेथी निवडत बसले होते. ‘आई गेली. पहाटे झोपेत. तू ये.’ मंदाला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे तिच्याकडच्या बऱ्यावाईट बातम्या अशाच येतात, आवाजाशिवाय. फोन वाजला असता, पलीकडे कुणाचा गळा दाटला असता, तर मलाही बहुधा लगेच रडू आलं असतं. इथे नुसती अक्षरं होती. चष्मा पुसून मी ती पुन्हा वाचली, मेथीवर ताट झाकलं आणि गिरगावला निघाले… त्याला आता महिना होऊन गेला. यमुनाकाकूबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करायची, हे ठरवण्यातच तो गेला. कारण तिच्याबद्दल जे सांगायलाच हवं, ते आमच्या माणसांत कुणी मोठ्याने सांगत नाही.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची, वकील भाऊकाकांची बायको. ती माझ्या वडिलांची मामेबहीणही होती. माझी आजी तिची सासू आणि तीच तिची सख्खी आत्या. काकूने सासूला शेवटपर्यंत आत्या याच नावाने हाक मारली. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत ती आत्याकडे यायची तेव्हा भाऊकाकांना ‘ए दत्तू’ म्हणायची, त्यांच्याशी गोट्या खेळायची आणि हरली की हुज्जत घालायची. लग्न ठरलं त्या दिवसापासून ‘अहो’ सुरू झालं. मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क, असं आमच्या ज्ञातीत धरून चालत. चुलत भावंडांचं लग्न मात्र मनातही यायचं नाही, ती सख्खीच. आमची ज्ञाती लहानशी, घाटावरून मुंबईला आलेली, कारकुनी आणि मास्तरकी करणारी. तिचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं अजून आहेत आणि या विषयावर अजून बिचकतात.

बिचकायला लागली ती मुंबईत आल्यावर. गिरगाव-दादरच्या शेजाऱ्यांत अशी लग्नं होत नसत. सून कुठली, असं कुणी विचारलं की आमच्या बायका ‘नात्यातलीच, लांबच्या’ असं म्हणून विषय बदलायच्या. हळूहळू ते इतकं सवयीचं झालं, की सख्ख्या मामाची मुलगी करून आणलेलं घरसुद्धा स्वतःशी ‘लांबचं नातं’ असंच म्हणू लागलं. पुढे जे झालं त्याचं मूळ या सवयीत होतं.

मी काकूकडे राहायला गेले ती कॉलेजसाठी. परळच्या आमच्या एका खोलीत इतकी माणसं होती, की पुस्तक उघडायचं तर जिन्यावर जावं लागे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. भिंतींवर ‘झालाच पाहिजे’ रंगवलेलं, चौकाचौकांत सभा, आज कोण पकडला गेला आणि उद्या बंद आहे का, याच गोष्टी सगळ्यांच्या तोंडी. भाऊकाकाही संध्याकाळी कोटावर बिल्ला लावून सभेला जात. ते घरी परत येईपर्यंत काकू दर थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघून यायची. तिला काळजी करायची एक रीतच होती. ती बोलायची नाही, तांदूळ पुन्हा निवडायला घ्यायची. निवडलेलेच तांदूळ. मंदा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत जाणारी. आईच्या हातात सूप दिसलं की तिला कळायचं, बाबा अजून आलेले नाहीत.

अशाच एका दुपारी सुमन आली. लालबागची, आमच्याच ज्ञातीतली, कडेवर मूल. तिचं लग्न तिच्या आत्याच्या मुलाशी, विनायकशी झालं होतं. मुंबईत गोळीबार होऊन फार दिवस लोटले नव्हते, त्यामुळे लग्न मोजक्या माणसांत झालं, पण ज्ञातीतली मोठी माणसं झाडून आली होती आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या होत्या. आता विनायकला ऑफिसातल्या एका मुलीशी लग्न करायचं होतं. दुसरी बायको करायला कायद्याने बंदी. घटस्फोट घ्यायचा तर कारण लागतं, आणि सुमनमध्ये कारण सापडेना. मग कुणीतरी त्याला नव्या हिंदू विवाह कायद्याचं पाचवं कलम दाखवलं. ज्या नात्यांत लग्न होऊ शकत नाही त्यांत बहीण-भावाची मुलंही येतात. असं लग्न मुळात झालंच नाही असं धरतात. त्या कलमाला एक अपवाद आहे. दोघांच्या चालीरीतीत तसं लग्न बसत असेल तर ते चालतं. पण तशी चाल आहे हे सिद्ध करायचं, ते जो म्हणेल त्याने. विनायकने अर्ज केला होता, की अशी चाल आमच्यात नाही, सबब सुमन माझी बायको नाही.

भाऊकाकांनी तिला सगळं समजावून सांगितलं. सुमनचं लग्न कायदा आल्यानंतरचं म्हणून हा प्रश्न. आदल्या वर्षीच व्हायचं होतं, पण घरात आजी वारल्यामुळे पुढे ढकललेलं. आधी झालं असतं तर या कलमाचा तिला धक्काही लागला नसता. शेवटी ते म्हणाले, “समजा, निकाल विरुद्ध गेला, तरी पोराला कायदा औरसच मानतो. त्याची काळजी नको.”

“आणि मला?” सुमन म्हणाली.

काकूने तिच्या कडेवरचं मूल घेतलं आणि तिला आत जेवायला नेलं.

चाल सिद्ध करायला माणसं हवीत. गावाकडची दोन म्हातारी माणसं यायला तयार झाली. त्यांच्याकडे सांगण्यासारखी उदाहरणं पुष्कळ होती. पण समोरच्या वकिलांचं म्हणणं ठरलेलं होतं, गावाकडे असेल, मुंबईतल्या सुशिक्षित शाखेने ती चाल केव्हाच टाकली. कायद्याला चाल नुसती जुनी पुरत नाही, ती अखंड लागते. म्हणजे मुंबईतलं, शिकलेलं एखादं घर पाहिजे. भाऊकाका घरोघर गेले. एकदा दादरला मला बरोबर घेऊन गेले, ज्ञातीतल्या एका बड्या आसामीकडे. तात्या म्हणत त्यांना. तात्यांनी चहा-चिवडा दिला, मुंबई आपल्याला मिळणार की नाही यावर पुष्कळ बोलले, आणि मूळ विषय निघाल्यावर म्हणाले, “पूर्वी व्हायची हो तसली लग्नं. आता आपण सुधारलो.”

“तात्या, हे वाक्य तुम्ही कोर्टात बोललात तर पोरगी बुडाली.”

“मग मी कोर्टात कशाला येऊ?”

“तुमच्या धाकट्या मुलाची बायको कोण?”

“ती… लांबच्या नात्यातली.”

“तुमच्या सख्ख्या मेव्हण्याची मुलगी ती.”

“मेव्हणा कराडला असतो ना. लांबच झालं ते.”

भाऊकाका हसले, मीही हसले, तात्यासुद्धा हसले. जिना उतरताना भाऊकाका हसत नव्हते. हे तात्या सुमनच्या लग्नाला पहिल्या रांगेत बसले होते.

त्या रात्री जेवताना भाऊकाका म्हणाले, “मीच पिंजऱ्यात उभा राहिलो असतो. पण मग वकीलपत्र सोडावं लागेल. आणि हे दुसरं कोण घेणार? ज्ञातीतला कुणी हात लावत नाही, बाहेरच्याला आपली ज्ञाती कळत नाही.”

काकू ताक वाढत होती. “तुम्ही कशाला? मी सांगते की. लग्न काय तुमचं एकट्याचं झालंय?”

“तुला नाही नाही ते विचारतील.”

“म्हणजे काय ते सांगा. तयारी करून ठेवते.”

“काहीही विचारतील ग.”

“काहीही म्हणजे मंदाचं विचारतील.”

भाऊकाकांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. दहा-एक वर्षांपूर्वी ज्ञातिसभेत एक ठराव झाला होता, आतेमामे भावंडांची लग्नं इथून पुढे बंद करावीत. तो भाऊकाकांनी लिहिला होता, त्यांनीच मांडला होता. काकूला हे माहीत होतं. सभेला तेव्हा बायका नसत; ठराव झाला एवढं तिच्या कानावर आलं होतं, त्यात शब्द काय होते ते तिने विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. तो कागद समोरच्यांच्या हातात पडणार हे भाऊकाकांना त्या रात्री ठाऊक होतं, कारण विनायकचे सगळे हितचिंतक ज्ञातिसभेच्या कचेरीतच बसत. त्यांनी ठरावावर युक्तिवादही योजून ठेवला होता. जे मुळात होतच नाही, ते बंद करा म्हणून कुणी ठराव करत नाही. ठराव झाला म्हणजे चाल होती, आणि ठरावानंतरही लग्नं झाली म्हणजे ती चालूच राहिली. हे ते काकूला दोन-तीनदा समजावून सांगत. ती म्हणायची, “कळलं हो. ठराव दाखवला की म्हणायचं, हो, केला होता.” पण तो कागद वाचून दाखवणं त्यांच्याकडून झालं नाही.

साक्षीची तारीख पुढे पुढे जात राहिली. एकदा बंद होता, एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. प्रत्येक वेळी काकू आदल्या दिवशी न्हायची, तेच निळ्या काठाचं पातळ काढून ठेवायची, आणि तारीख गेली की घडी मोडू न देता पुन्हा ट्रंकेत ठेवायची. सुमन मध्येमध्ये यायची, काही न बोलता मंदाजवळ बसायची. तिची आत्या, म्हणजे विनायकची आई, दोन्हीकडून कात्रीत सापडून अंथरुणाला खिळली होती असं कळलं होतं. मला तेव्हा झोपेत सारखं वाटायचं, कुणीतरी दार वाजवतंय आणि घरात कुणालाच ऐकू येत नाहीये…

अखेर तारीख लागली. ट्राम बंद होत्या. काकू, मी आणि सुमन धोबी तलावावरून फोर्टात चालत गेलो. नाक्यानाक्यावर लाठ्या घेतलेले पोलीस उभे होते. काकू रस्त्यात एकच वाक्य बोलली, “नलू, मी खूप हळू बोलले तर खोक.”

कोर्टाचं कामकाज इंग्रजीत. काकू मॅट्रिक झालेली, इंग्रजी तिला समजायचं, पण साक्ष तिने मराठीत दिली आणि दुभाषा ती इंग्रजीत सांगत होता. तिथेच पहिला गोंधळ झाला. काकू म्हणाली, आम्ही आतेमामे भावंडं. दुभाषा म्हणाला, कझिन. समोरच्या वकिलांनी ते उचललं, म्हणजे तुमच्यात कझिन-कझिनची लग्नं होतात, काकाच्या मुलाशीसुद्धा? काकूचा चेहरा असा झाला, जणू तिच्या अंगावर कुणी काही सांडलं आहे. “शी… चुलत भाऊ तो. भाऊ आहे.” पुढचा बराच वेळ भाऊकाका न्यायाधीशांना समजावत होते, की आमच्याकडे ही दोन नाती एका शब्दात मावत नाहीत. न्यायाधीश दुसऱ्या प्रांतातले होते, पण शांतपणे ऐकणारे. त्यांनी कागदावर एक आकृती काढून घेतली. समोरचे वकील मराठीच होते. आदल्याच आठवड्यात मी त्यांना आणि भाऊकाकांना एका सभेत शेजारी उभे राहून घोषणा देताना पाहिलं होतं.

मग त्यांनी ठराव काढला. “हा मराठीत आहे. साक्षीदाराला वाचून दाखवा,” असं दुभाषाला सांगितलं. दुभाषा चांगला, स्पष्ट उच्चारांचा माणूस होता. त्याने वाचलं, “अशा विवाहांतून सदोष संतती निपजते, हा स्वानुभव लक्षात घेऊन ही सभा ठराव करते की…” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी भाऊकाकांकडे पाहिलं. ते समोरच्या पुस्तकाची पानं उलटत होते, आणि पानं उलटत असूनही ते काही वाचत नव्हते.

“खाली सही कुणाची?”

“ह्यांची,” काकू म्हणाली. तिने नाव घेतलं नाही, नुसतं तिकडे पाहिलं.

“म्हणजे तुमचे यजमान ही चाल अयोग्य मानतात.”

“बंद करावी असं लिहिलंय त्यांनी.”

“तुम्हाला अपत्य किती?”

“एक मुलगी.”

“ती जन्मतः मुकीबहिरी आहे, हे खरं?”

“खरं.”

“हा तुमच्या विवाहाचा परिणाम आहे असं तुमचे यजमान लिहितात. तुम्हाला तसं वाटतं?”

भाऊकाका हरकत घ्यायला उठले. न्यायाधीश काही बोलणार, तेवढ्यात काकूच म्हणाली, “तिला परिणाम म्हणू नका. तिचं नाव मंदाकिनी आहे.” दुभाषा घुटमळला. न्यायाधीशांनी विचारलं, त्या काय म्हणाल्या, तेव्हा त्याने खाली बघत सांगितलं. काकू पुढे म्हणाली, हळू, पण मला खोकावं लागलं नाही, “माझं लग्न झालं का, हे विचारायला बोलावलंय तुम्ही मला. झालं. चारशे माणसांत झालं, आत्याने मला उंबऱ्यावर ओवाळलं. ते चांगलं झालं की वाईट, हे इथे विचारायचं ठरवलंत, तर साहेब, बाहेर धोबी तलावापर्यंत रांग लागेल.”

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी डोळे कागदावर ठेवले. समोरचे वकील ठरावाची घडी घालून खाली बसले.

परत येताना भाऊकाका आमच्याबरोबर चालत आले. घरी आल्यावर काकूने चूल पेटवली, चहा केला, सगळ्यांना दिला आणि मग भाऊकाकांसमोर बसली. मी आतल्या खोलीत होते, मध्ये नुसता पडदा. ती म्हणाली, “दत्तू, मला आधी दाखवायचा होतास.” इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

“तुला वाईट वाटलं असतं.”

“वाईट वाटलंच. फक्त चारचौघांत वाटलं.”

मंदा माझ्याजवळ बसून भरतकाम करत होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि भुवया उडवून विचारलं, काय झालं? मी मान हलवली. काही नाही.

निकाल लागायला कित्येक महिने गेले. लागला तो सुमनच्या बाजूने. चाल आहे, ज्ञातिसभेच्या ठरावाने ती संपलेली नाही, अर्जदाराच्या लग्नाला हजर असलेल्या ज्येष्ठांनीच ती पाळली आहे, असं काहीसं त्यात होतं. भाऊकाका त्या दिवशी पेढे घेऊन आले नाहीत. पुढच्या ज्ञातिसभेत ते उभे राहिले आणि ठरावातले ‘सदोष’ आणि ‘स्वानुभव’ हे शब्द काढून टाकावेत अशी त्यांनी विनंती केली. चिटणीसांनी सांगितलं, जुनं इतिवृत्त बदलता येत नाही. हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा काकू म्हणाली, “राहू द्या. वाटलं होतं ना तुम्हाला तसं?” पुन्हा ‘तुम्ही’ सुरू झालं होतं. त्या दोघांचं पुढे नीट चाललं का, असं मला विचाराल तर चाललं. भाऊकाका आजारी पडले तेव्हा काकूने त्यांचं सगळं केलं. पण ते जाईपर्यंत, लिहिलेला प्रत्येक कागद, अगदी विजेच्या कंपनीला लिहिलेलं पत्रसुद्धा, ते आधी तिला वाचून दाखवत. ती ऐकायची, हूं म्हणायची. मला ते पाहताना बरंही वाटायचं आणि अवघडल्यासारखंही.

सुमन बायको राहिली. विनायक मात्र परतला नाही. तो ज्या मुलीसाठी हे सगळं करत होता तिनेही दुसरीकडे लग्न केलं. सुमन बालवाडीत शिकवायला लागली. एकदा ती काकूला म्हणाली, “काकू, तुम्ही मला बायको ठेवलंत. नवरा ठेवणं कुणाच्या हातात होतं?” तक्रार नव्हती, पण काकू त्या रात्री पुन्हा तांदूळ घेऊन बसली.

आणि मग तिला वाटलंही नव्हतं तशी एक गोष्ट झाली. निकालाची बातमी ज्ञातीत पसरली आणि जे ‘आमच्यात नाही’ म्हणत होते तेच ‘कोर्टानेच मान्य केलं’ म्हणू लागले. लपवाछपवी संपली. परळला माझ्या वडिलांनी माझं लग्न माझ्या आतेभावाशी, माधवशी ठरवायला घेतलं. आत्याला मी लहानपणापासून पसंत होते. काकूला हे कळलं त्याच दिवशी ती परळला आली. मी तोवर कॉलेज संपवून घरी परतले होते, मोरीत भांडी विसळत होते. वडिलांना ती लहानपणापासून अण्णा म्हणायची.

“अण्णा, नलूचं तिथे करायचं नाही.”

“का? तूच तर पिंजऱ्यात उभं राहून सांगितलंस, आपल्यात चालतं म्हणून.”

“जे झालं होतं ते सांगितलं. हे अजून व्हायचंय.”

“मुलगा वाईट आहे का?”

“सोन्यासारखा आहे. दत्तूही सोन्यासारखाच होता.”

“यमू, आपल्याच घरात अशी कितीतरी लग्नं झाली. पोरं धडधाकट आहेत सगळी.”

“आहेत. म्हणून तर मला काही ठामपणे सांगता येत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ते लोक म्हणाले, असेल, नसेल. मी रोज सकाळी उठून ‘असेल, नसेल’ करते, अण्णा. नलूने करायला नको.”

वडील चिडले. कोर्टात एक आणि घरात एक, असं म्हणाले. काकू रडली नाही, गेलीही नाही. भाकरी थापून झाल्या तरी बसून राहिली. शेवटी तिच्या न जाण्यालाच वडील कंटाळले असावेत. ते लग्न झालं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, काकूनेही नाही. माधवने पुढे बाहेरची मुलगी केली, सुखात आहे. मी लग्न केलं नाही, ग्रंथालयात नोकरी धरली. त्याची कारणं निराळी आहेत. पण काकूला ते कधी पटलं नाही. गेल्या वर्षीसुद्धा तिने माझा हात धरून विचारलं होतं, “तुला माधव आवडत होता का ग?” मी म्हटलं, “आठवत नाही, काकू.” हे खरं आहे. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काही सांगेन म्हणून.

परवा मी मंदाकडे राहायला गेले. काकूची खुर्ची अजून खिडकीकडे तोंड करून ठेवलेली आहे, बाहेरच्या उजेडात. मंदा ओठ वाचते. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला पाहिजे, म्हणून काकू आयुष्यभर अशीच बसली, उन्हाळ्यात डोळे दिपले तरी. भेटायला येणारी माणसं खुर्ची खोलीकडे वळवून बसतात आणि ती गेली की मंदा ती पुन्हा खिडकीकडे फिरवते. मी तशीच बसले. मंदा समोर स्टुलावर बसली आणि तिच्या त्या जाडसर, घरच्यांनाच कळणाऱ्या आवाजात म्हणाली, “सगळे म्हणतात, कोर्ट. आई कोर्टात उभी राहिली. माझं नाव पण घेतात. मी बघते त्यांच्या ओठांवर. मग माझ्याकडे बघून गप्प होतात.”

मी चष्मा काढून पुसला.

“काय झालं होतं तेव्हा? तू होतीस.”

पासष्टीची झाली मंदा. या खोलीत तिच्यासमोर किती वेळा विषय निघाला असेल आणि किती वेळा आम्ही तोंड फिरवून बोललो असू. भाऊकाका गेले, काकू गेली. त्या ठरावातले ते दोन शब्द आता माझ्याशिवाय कुणाला पाठ असतील असं वाटत नाही. मी म्हटलं, “खूप जुनं आहे ग.”

“सांग.”

मी खिडकीकडे तोंड केलं आणि सुमन कडेवर मूल घेऊन आली तिथून सुरुवात केली. हळू बोलत होते, एकेक शब्द ओठांनी नीट करून. तात्यांच्या कराडच्या मेव्हण्यावर मंदा हसली. दुभाषाने कागद हातात घेतला तिथपर्यंत आले आणि माझे ओठ मिटले. मंदा वाट बघत होती. मग तिने हात पुढे केला आणि माझी हनुवटी, जरा खाली गेली होती ती, बोटांनी उचलून पुन्हा उजेडात आणली.